एका दमातला पुकारा

शर्मिष्ठाला दम लागत होता आणि पट्टी हिरवी होती. चौगुल्यांच्या घरात या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या, आणि त्यातली खोटी कुठली हे केव्हाच ठरून गेलं होतं.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून गवार मोडत होती. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, समोरच्या स्टुलावर ठेवलेला. चार शेंगा मोडल्या की ती थांबायची, ओट्याची कड धरायची आणि श्वास कुठे अडकतोय ते शोधायची. डाव्या बरगडीखाली काहीतरी टोचत होतं.

"थांबलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दम लागतोय, आत्याबाई. बसल्या जागी लागतोय."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या दिव्याकडे बघितलं. शर्मिष्ठाच्या छातीवरच्या पट्टीचा जो रंग, तोच त्या दिव्याचा. सुनेची तब्येत फोडणी देता देता कळावी म्हणून तो मुद्दाम गॅसच्या वर बसवून घेतला होता.

"हिरवा आहे की," त्या म्हणाल्या.

"दिव्याला फुफ्फुसं नाहीत."

"तोंडाला बरा दम लागत न्हाई तुझ्या. मोड ती गवार. माझ्या पूर्वाच्या होणाऱ्या सासरची येणार आहेत दुपारी."

शर्मिष्ठाने शेंग मोडली. सासूबाईंची मान मोडावीशी वाटली होती, पण त्याला जोर लागतो.

तिला ल्युपस होता. हा आजार म्हणजे काय हे तिने लग्नानंतर इतक्या जणांना समजावलं होतं की आता तिला त्या शब्दाचाच कंटाळा आला होता. शरीराचे राखणदार डोकं फिरल्यासारखे घरच्यांनाच चोर समजतात आणि झोडपायला लागतात. आज गुडघे, उद्या किडनी, परवा फुफ्फुसाभोवतीचं पातळ आवरण. ऊन लागलं की चवताळतात. औषधं त्यांना दाबून ठेवतात, पण तीच औषधं हळूहळू हाडं पोखरतात. आणि हे सगळं आत चाललेलं असताना वरून माणूस दिसतो छान. गालांवर तांबूस झाक आली की लोक म्हणतात, वा, तब्येत सुधारलेली दिसतेय! सांगलीतल्या निम्म्या नातेवाइकांनी तिला कामचुकार ठरवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी नाटकी.

म्हणूनच ती पट्टी आली तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे शर्मिष्ठा होती. आता पुरावा मिळणार होता. बोटभर रुंदीची, कपड्यांच्या आतून छातीभोवती बांधायची साधी पट्टी. तिच्या आतल्या बाजूच्या बारीक सुया कातडीखालच्या द्रवातून दाह किती पेटलाय ते मोजायच्या. कापडात विणलेले धागे दर श्वासाला बरगड्या किती उघडतात ते बघायचे आणि आतली खरखर ऐकायचे. पण नुसत्या आकड्यांनी भागत नव्हतं, कारण ल्युपसचे दोन रोगी कधी सारखे नसतात. एकीला जो श्वास पुरतो तो दुसरीला अपुरा. म्हणून पहिला महिना शिकवणीचा. त्या महिन्यात पट्टी मधूनमधून मोठ्याने विचारायची, "आज कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकून त्या वेळचे आकडे त्या उत्तराला जोडून ठेवायची. म्हणजे या बाईचं बरं असणं कसं दिसतं, हे ती त्या बाईकडूनच शिकायची. पुढे जन्मभर त्याच्याशी ताडून बघायची आणि रंग दाखवायची. हिरवा, पिवळा, तांबडा.

कल्पना नामी होती. फक्त वर्षभरात असं झालं की रंगापलीकडचं कुणी काही विचारीनासं झालं. रजा रंगावर मिळू लागली, तपासण्या रंगावर होऊ लागल्या, विमा रंगावर मंजूर होऊ लागला. आधी तिचा शब्द कुणी खरा मानत नव्हतं. आता तिला शब्दच उरला नाही. तिने पट्टीचं नाव चहाडखोर ठेवलं होतं, पण चहाडखोर निदान खरं तरी सांगतो.

पायाचंही तसंच झालं होतं. शर्मिष्ठा हळदीच्या बाजारात सौदे पुकारायची. सकाळी उठल्यापासून घोटे सुजलेले होते, ती म्हणाली आज जात नाही, नवरा म्हणाला हिरवा आहे की, आणि ती गेली. सांडलेल्या हळकुंडांवरून पाय सरकला. साधं घसरणं, दुसरी एखादी उठून पदर झटकून चालू लागली असती. शर्मिष्ठाचं घोट्याचं हाड दोन ठिकाणी तुटलं. तेव्हापासून ती घरात, खुर्चीत नाहीतर पलंगावर.

गवार मोडून झाली तेव्हा तिची बोटं गार पडली होती. तिने नवऱ्याला हाक मारली. हाक स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच गेली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा सन्मती आला.

सन्मती चौगुले हा वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जो पुढाकार लागतो तो त्याच्यात नव्हता. हळदीच्या कोल्ड स्टोरेजचा धंदा, आईचा शब्द आणि फोन, एवढ्यात त्याचा दिवस भरायचा.

"मला मिरजेला ने," ती म्हणाली. "दवाखान्यात. आत्ता."

त्याने फोन काढून बघितला. "हिरवा आहेस की तू."

"मी हिरवी नाही, सन्मती. पट्टी हिरवी आहे. मी इथे बसलेय."

"शमे, पूर्वाच्या सासरची येणार आहेत. त्यांच्या पुढ्यात आपण गाडी काढून दवाखान्यात निघालो तर काय वाटेल त्यांना? मागच्या वेळेला किती व्यवस्थित झालं होतं सगळं."

मागच्या वेळेला. हे ऐकून तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. तिने पट्टीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून एक गोड बाई बोलली. त्या गोडपणाचा शर्मिष्ठाला संताप आला, पण श्वास जपून वापरायचा होता.

"माझ्या पट्टीला बरं म्हणजे काय वाटतं ते मला ऐकवा," ती म्हणाली. "शिकवणीच्या महिन्यातलं."

"ऐकवते हं, ताई."

आधी कपबशांचा आवाज आला. मग कुणाचं तरी हसणं. मग पट्टीचा तो सपक प्रश्न, आज कसं वाटतंय? आणि मग शर्मिष्ठाचा स्वतःचा आवाज, बाजारातला, खणखणीत. "एकदम ठणठणीत!" मागून एक बाई कौतुकाने म्हणाली, "सूनबाईंचा आवाज बघा की!"

शर्मिष्ठाला तो दिवस लख्ख आठवला. शिकवणीचा महिना आणि नणंदेच्या, पूर्वाच्या लग्नाची बोलणी एकदमच चालू होती. जयसिंगपूरची ती मंडळी दर दोन दिवसांनी कशाला ना कशाला यायची. आणि त्याच महिन्यात तिच्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. श्वास घेताना सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. कंपनीने बजावलं होतं, एकान्तात उत्तर द्या, खरं द्या. चौगुल्यांच्या घरात एकान्त फक्त न्हाणीघरात मिळतो आणि तिथे पट्टी न्यायची नव्हती. सासूबाईंनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं, "घरात असला आजार आहे म्हणून कळलं तर पोरीचं लग्न मोडंल. ती पट्टी विचारंल तेव्हा नीट बोल." ती नीट बोलली. एकदा नाही, महिनाभर, जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा. पाव्हणे नसतानाही बोलली, कारण कुणी कसं आहे विचारलं तर बरं आहे म्हणायचं, हे तिला पाळण्यात असल्यापासून शिकवलेलं होतं. तिला वाटलं यंत्र आकडे बघेल. यंत्राने तिच्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या शब्दावर इतका विश्वास ठेवला होता.

म्हणजे तिची पट्टी दुखणं, धाप आणि अर्धा श्वास यालाच बरं म्हणायला शिकली होती. आज ती मरायला टेकली असती तरी दिवा हिरवाच राहिला असता.

तिने फोन ठेवला आणि कुबड्या ओढल्या. "गाडी काढ," ती सन्मतीला म्हणाली, "नाहीतर मी पाव्हण्यांसमोर दारात बसून बोंब मारीन."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "बघितलास हिचा अवतार? तरी म्हणती दम लागतोय."

सन्मतीने गाडी काढली. बोंबेची धमकी त्याला श्वासापेक्षा लवकर कळली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर इनामदारांनी तिच्याआधी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. ते तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्या टेबलासमोर हिरव्या रंगाची फार माणसं येत असावीत.

"तुमचा दाह शांत आहे," ते म्हणाले. "एक्स-रे स्वच्छ आहे. ऑक्सिजन थोडा कमी आहे, पण तुमचा नेहमीच कमी असतो."

"नेहमी कमी नसतो. त्या महिन्यात कमी होता. त्या महिन्यात मी आजारी होते आणि बरी आहे म्हणून सांगितलं."

"का?"

शर्मिष्ठाने सन्मतीकडे बघितलं. सन्मती भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत होता.

"घरी पाव्हणे होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे बघा, पाय प्लास्टरात आहे, ल्युपस आहे, म्हणजे पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. तुमचा संशय अगदीच वेडा नाही. पण ते बघायचं तर स्कॅन करावा लागतो, आणि त्यासाठी शिरेत जे औषध सोडतात ते तुमच्या किडनीला झेपेल असं नाही. हिरव्या रंगावर मी ते दिलं आणि किडनी गेली तर? नियमाप्रमाणे मला निदान पिवळा तरी लागतो."

"मग पट्टीला नव्याने शिकवा."

"शिकवू. महिना लागतो त्याला."

"माझ्याकडे महिना नाहीये हो!" ती म्हणाली आणि खोकली. खोकला थांबेना. सन्मतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकून टाकला.

श्वास जरा जाग्यावर आल्यावर तिने विचारलं, "ही पट्टी ताडून बघते ते कशाशी? चालताना चालण्याशी?"

"हो. झोपेत झोपेशी, बोलताना बोलण्याशी. जसं काम तशी तुलना."

"आणि ओरडताना?"

"त्या महिन्यात ओरडला असाल तर ओरडण्याशी."

त्या महिन्यात ती रोज ओरडत होती. बरगडीत सुरी फिरत असतानाही बाजारात जात होती. हळदीच्या प्रत्येक ढिगाला कलम म्हणतात. त्या कलमाचं नाव, गाव, पोती, प्रत आणि सुरुवातीचा दर पुकारणाऱ्याने एका दमात सांगायचा असतो. मधे श्वास घेतला की व्यापाऱ्यांना वाटतं पुकारणारीच कचरतेय, मालात खोट आहे, आणि बोली खाली येते. शेतकरी डोळ्यांत प्राण आणून समोर उभा असतो. म्हणून शर्मिष्ठाने कितीही दुखलं तरी पुकारा कधी तोडला नव्हता. घरात ती महिनाभर खोटं बोलली होती, पण बाजारातला तो एक दम खरा होता. पट्टीकडे तिच्याबद्दल तेवढीच एक खरी गोष्ट होती. आणि पाय मोडल्यापासून ती एकदाही ओरडली नव्हती.

ती उठली.

"आता कुठे?" सन्मती म्हणाला.

ती कुबड्यांवर बाहेरच्या मोठ्या खोलीत गेली. तिथे खुर्च्यांवर माणसं बसली होती, छातीवर कपड्यांतून दिसणारे पट्ट्यांचे हिरवे, पिवळे ठिपके घेऊन, आपापला नंबर यायची वाट बघत. मधोमध तिने एक कुबडी खाली टाकली. तिचा आवाज झाला तशी सगळ्यांनी वर बघितलं. शर्मिष्ठाला भीती वाटत होती. गाठ खरोखर असेल तर या एका ओरडण्यात ती जाग्यावर पडू शकत होती, आणि पडली असती तर लोक म्हणाले असते, हिरवी होती हो, काय झालं कळलं नाही. त्या वाक्याचा तिला भीतीपेक्षा जास्त राग आला. तिने डाव्या बरगडीखालचं टोचणं ओलांडून जेवढी हवा आत घेता येईल तेवढी घेतली.

"कलम एक!" ती ओरडली. खोली दणाणली. "नाव शर्मिष्ठा चौगुले गाव सांगली, वय छत्तीस पोतं एक, पाय मोडका हाडं ठिसूळ, प्रत डागी, मालक म्हणतोय माल ठणठणीत, सासू म्हणती माल ठणठणीत, डॉक्टर म्हणतात—"

इथे दम तुटला.

तिला पुढचे शब्द माहीत होते. तोंड उघडं होतं. हवा येत नव्हती. खोलीच्या कडा काळ्या पडत गेल्या, आणि दुसरी कुबडी हातातून निसटताना तिने खाली बघितलं. ब्लाउजच्या कापडातून पट्टीचा ठिपका दिसत होता. तो पिवळा झाला नाही, मधे कुठे थांबलाच नाही. सरळ तांबडा झाला.

मागे कुठेतरी घंटी वाजायला लागली. सन्मतीच्या हातातला फोनही वाजला. त्याने तो बघितला आणि किंचाळला, "डॉक्टर! अहो डॉक्टर, माझी बायको!" फोन तांबडा झाल्यावर त्याला बायको दिसली होती. शुद्ध जाता जाता शर्मिष्ठाच्या ते लक्षात आलं, आणि ते ती पुढे कधीही विसरणार नव्हती.

गाठी दोन्ही फुफ्फुसांत निघाल्या. रक्त पातळ करायची औषधं शिरेतून चालू झाली. किडनीने थोडी कुरकुर केली आणि मग निभावून नेलं. डॉक्टर इनामदार कॉटशी येऊन म्हणाले, "नशीब, वेळेवर आलात."

"मी सकाळपासून वेळेवरच होते," शर्मिष्ठा म्हणाली. "तुम्ही उशिरा आलात." हसली असती, पण हसायला अजून दुखत होतं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी जुनी शिकवणी पुसून टाकली आणि नवा महिना सुरू करून दिला. जाताना सन्मतीला आणि त्याच्या आईला बजावलं, पट्टीने विचारलं की उत्तर फक्त ह्यांनी द्यायचं, दुसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही. सासूबाईंनी मान डोलावली. दवाखान्यात त्या कुणालाही मान डोलवायच्या.

शर्मिष्ठा बोलायला लागल्याची बातमी जयसिंगपूरला पोचली तशी पूर्वाच्या सासरची मंडळी भेटायला आली. शहाळी आणली. सासू, सासरे आणि एक काकू अशी तिघं कॉटभोवती उभी राहिली, पूर्वा डोक्याशी, सन्मती दारात. आणि शर्मिष्ठाच्या उशाशी, पाव्हण्यांकडे तोंड करून, सासूबाई बसल्या.

"पाय घसरला हो हिचा बाजारात," त्या सांगत होत्या. "त्यामुळं जरा अशक्तपणा. बाकी काही न्हाई."

मग पाव्हणे शहाळं सोलणाऱ्याबद्दल काहीतरी बोलत असताना त्या वाकल्या, शर्मिष्ठाचं पांघरूण नीट केलं आणि कानाशी म्हणाल्या, "लग्नाची तारीख आत्ता कुठं धरलीय. एवढं एकदा सांभाळून घे. नंतर काय बोलायचं ते बोल."

शर्मिष्ठाने पूर्वाकडे बघितलं. पूर्वाने ऐकलं होतं. ती नुसती बांगड्या फिरवत राहिली. तिच्याविषयी शर्मिष्ठाला क्षणभर वाईट वाटलं. मग तिला गवार आठवली आणि वाईट वाटायचं थांबलं.

पांघरुणाखालून पट्टी बोलली, "आज कसं वाटतंय?"

काकू कौतुकाने पुढे झुकल्या. त्यांनी मागे तो खणखणीत आवाज ऐकला होता आणि परत ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

"श्वास घेताना डाव्या बाजूला टोचतंय," शर्मिष्ठा म्हणाली. आवाज बारीक होता, तिचाच होता. "पाय ठणकतोय. मला ल्युपस आहे. तो जाणार नाही. मागच्या वेळी तुमच्यासमोर मी ठणठणीत म्हणाले होते, ते—"

"औषधानं भरमतीय हो!" सासूबाई मोठ्याने हसत म्हणाल्या आणि त्यांनी शर्मिष्ठाच्या छातीवर, बरोबर पट्टीवर, हात ठेवला. "बरी आहे! एकदम बरी आहे!"

पट्टीने बारीकसा आवाज केला. उत्तर नोंदवून घेताना ती तसा करायची.

शर्मिष्ठाने सासूबाईंचं मनगट धरलं. हातात फार जोर नव्हता, पण पुरेसा होता. तिने तो हात छातीवरून उचलला आणि त्यांच्याच मांडीवर नेऊन ठेवला. पाव्हण्यांच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही, दाराकडेही नाही.

"परत विचार," ती पट्टीला म्हणाली. "आत्ता बोलल्या त्या माझ्या सासूबाई होत्या. त्या बऱ्या आहेत."